कार्बोरेटरवरचा आळ

गाडी सकाळी चालू होत नाही, चढाला पिकअप घेत नाही, चालता चालता झटके मारते, एव्हरेज देत नाही. फियाट, अँबेसेडर आणि जीप यांच्या जमान्यात या चारही तक्रारींवर एकच निदान ठरलेले असे: कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय. मग बोनेट वर, पेचकस हातात, आणि पहिला स्क्रू फिरायचा तो कार्बोरेटरचाच. हा संशय समजण्यासारखा आहे. इंजिनाचे बहुतेक अवयव ओतीव लोखंडाच्या आत दडलेले. कार्बोरेटर मात्र वर, हाताशी, फिरवता येतील असे स्क्रू घेऊन बसलेला. पोलिसांच्या वहीत नाव चढलेल्या माणसासारखी त्याची गत. गावात काहीही चोरीला जावो, आधी उचलायचे ते त्यालाच. जुन्या गाड्यांच्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास लिहायचा तर तो या आळापासूनच सुरू करावा लागतो. कार्बोरेटरचा दोष म्हणून जे सांगितले गेले, त्यातले बरेचसे कार्बोरेटरचे नव्हतेच, असे माझे म्हणणे आहे. ते बाहेरून आले होते: धुळीतून, उन्हातून, पेट्रोलच्या टाकीतून, सुट्या भागांच्या टंचाईतून, आणि उरलेले शेजारच्या, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधून. तालुक्याच्या गावात ज्याला 'कार्बोरेटर जमतो' म्हणत, त्या माणसाला यंत्राइतकाच आपला मुलूख कळलेला असे.

हे तपासून पाहायला राळेगावसारखे ठिकाण बरे पडते. (हे यवतमाळ जिल्ह्यातले राळेगाव, अण्णा हजारे यांचे राळेगण सिद्धी वेगळे, तरी बाहेरच्यांचा घोटाळा होतोच.) वर्धा नदीच्या अलीकडे राळेगाव, पलीकडे हिंगणघाट. एकोणिसाव्या शतकात ज्या हिंगणघाटी कापसाचे नाव परदेशी बाजारात होते, त्याच कापसाच्या पट्ट्यातला हा काळ्या जमिनीचा तालुका. रेल्वे गावाला शिवलेली नाही. नागपूर-हैदराबाद हमरस्ता, पूर्वीचा ७ क्रमांकाचा आणि आताचा ४४, तालुक्यातल्या वडकीवरून जातो. म्हणजे माणूस असो की कापूस, जायचे तर बैलगाडीने नाहीतर मोटारीने. आणि मोटार जायची ती अशा मातीवरून जी पावसाळ्यात चाकाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मधल्या काळात बारीक पूड होऊन हवेत तरंगते. इथे एक साधा हिशेब करून पाहावा. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोल भरते पाऊण किलोच्या जरा आत, म्हणजे त्याला सुमारे ११ किलो हवा हवी. घनफळात ती ९,००० लिटरच्या आसपास जाते. टाकीत टाकलेल्या प्रत्येक लिटरमागे इंजिन एवढी हवा ओढते, आणि ती हवा कपाशीच्या पट्ट्यातल्या कच्च्या रस्त्यावरची असते. जीपला तेलाचा एअर फिल्टर देत तो उगाच नव्हे. हवा आधी तेलाच्या भांड्यावरून वळायची, धूळ तेलात बसायची, उरलेली जाळीत अडकायची. त्या भांड्यातल्या तेलाचा चिखल झाला की हवा कमी पडायची, मिश्रणात पेट्रोल जास्त व्हायचे, प्लग काळे पडायचे, धूर निघायचा. तक्रार मात्र कार्बोरेटरच्या नावावर लागायची, आणि स्क्रू पिळून ती जायची नाही, कारण तिचे मूळ होते न बदललेल्या पावशेर तेलात.

गाड्या आल्या कुठून आणि त्यांचे सुटे भाग गेले कुठे, हाही या आळाच्या मागचा भाग आहे. १९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी करत होती. स्वातंत्र्यानंतर देशात गाडी बनवणाऱ्यांनाच धंदा करू द्यायचा असे धोरण ठरले आणि १९५४ मध्ये तिने काढता पाय घेतला. ज्यांच्या दारात तिची शेव्हरोले उभी होती, त्यांच्यासाठी त्या दिवसापासून प्रत्येक जेट आणि प्रत्येक नीडल व्हॉल्व्ह ही जपून ठेवायची वस्तू झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याहून फियाट दिली. १९५४ पासूनची ११००, मग डिलाइट, आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने तीच घडण. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जुळवायला घेतली. पुढे तीन दशके गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा रिवाज पडला. इतक्या प्रतीक्षेने मिळालेली गाडी कोणी टाकत नाही. ती वीस वर्षे चालवली जाते. या गाड्यांवर फ्रान्सच्या सोलेक्स पद्धतीचा कार्बोरेटर असे आणि परवान्याने तो मद्रासला बनत असे. मद्रास ते कापसाच्या पट्ट्यातले तालुक्याचे गाव हे अंतर फक्त किलोमीटरांचे नव्हते. मधे डीलर होता, जिल्ह्याचे दुकान होते, नकली माल होता. झिजलेला भाग बदलायचा की त्यानेच भागवायचे, हा प्रश्न मुंबईत खर्चाचा असेल. इथे तो पुढच्या आठवड्यात गाडी चालणार की नाही याचा होता.

कार्बोरेटर हे यंत्र म्हणून अगदी सोपे आहे, आणि त्या सोपेपणानेच फसवणूक केली. विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये जर्मनीत फवाऱ्याचा कार्बोरेटर केला, त्याचे तत्त्व डासांवर फ्लिट मारणाऱ्या पंपाचे. नळीच्या तोंडावरून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि नळीतला द्रव वर येऊन फवारला जातो. बाकी सगळी त्याचीच डागडुजी. पेट्रोलची पातळी कायम राहावी म्हणून फ्लोट आणि नीडल, पेट्रोल मोजून जावे म्हणून जेट, थंडीत चालू व्हावे म्हणून चोक, रेस दाबताच घोटभर जादा मिळावे म्हणून छोटा पंप. पण हे यंत्र हवा आणि पेट्रोल वजनाने तोलत नाही. आकारमानाने आणि दाबाने अंदाज घेते. हवा बदलली की त्याचा अंदाज चुकतो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा नऊ-दहा टक्के विरळ असते, त्यामुळे पौषात नेमके लावलेले ट्यूनिंग वैशाखात पाचेक टक्के जड होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त पडते. विदर्भाचा उन्हाळा कार्बोरेटरच्या कारखान्याने धरलेला नव्हता, इतकेच. त्याहून मोठा त्रास पेट्रोलच उकळण्याचा. त्यातले हलके घटक ४०-५० अंशांच्या आतच वाफ होऊ लागतात. फियाट-अँबेसेडरचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगावर बसवलेला आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढणारा. ओढीने दाब घटतो आणि वाफ आणखी लवकर होते. भर दुपारी गाडी थांबवून अर्ध्या तासाने किल्ली फिरवावी तर इंजिन नुसते गुरगुरते. अशा वेळी ओले फडके पंपावर टाकून बसणारा माणूस वेडगळ वाटायचा, पण त्याचे निदान बरोबर असायचे. कार्बोरेटर उघडणाऱ्याचे चुकायचे, आणि तरीही त्याची गाडी चालू व्हायची, कारण उघडझाप करण्यात अर्धा तास गेलेला असे आणि तेवढ्यात पंप निवलेला असे. चुकीच्या निदानाला असे यश मिळाले की ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

पेट्रोलचा इतिहास तर याहून वाईट. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा देशभर बसच्या मागे कोळशाच्या भट्ट्या लागल्या आणि लाकडी कोळशाच्या गॅसवर गाड्या धावल्या. कार्बोरेटर तेवढ्यापुरता बाजूलाच पडला. युद्ध संपले, पेट्रोल परतले, पण त्याच्या शुद्धतेची खात्री परतली नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, रेशनचे रॉकेल स्वस्त राहिले, आणि त्या दोन भावांच्या फटीत भेसळीचा धंदा वाढला. रॉकेल (वऱ्हाडात घासलेट म्हणा) पेट्रोलइतके सहज उडत नाही. थंड इंजिनात ते थेंबाथेंबाने सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते, प्लगवर काजळी धरते, चढाला इंजिन ठोकते. लक्षणे सगळी 'कार्बोरेटर बिघडला' अशीच. सरकारने रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला, पंपांवर फिल्टर पेपर ठेवायची सक्ती केली: पेट्रोलचा थेंब कागदावर टाकावा, दोनेक मिनिटांत उडून डाग राहिला नाही तर पेट्रोल चोख. हा धंदा किती खोल गेला होता ते २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ दिसले. भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. घराच्या अंगणात गाडीचे जेट फुंकत बसलेला माणूस ज्या कचऱ्याशी झगडत होता, त्याचे दुसरे टोक इथपर्यंत पोचत होते.

मग जाणता माणूस काय करत असे? तो कार्बोरेटरला सर्वांत शेवटी हात लावत असे, आणि माझ्या मते या कसबाचे सार तेवढेच. आधी प्लग काढायचा. काळा, कोरडा, काजळीचा असेल तर मिश्रण जड. ओला असेल तर पेट्रोल येतेय पण ठिणगी नाही. पांढुरका, भाजल्यासारखा असेल तर कुठून तरी जादा हवा घेतेय. प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून किल्ली मारायची आणि ठिणगी पाहायची: निळी, टणक, आवाज करणारी हवी, पिवळी, मरतुकडी असेल तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडायचे. आतले पॉइंट झिजून त्यांचे अंतर बिघडलेले असे किंवा कंडेन्सर गेलेला असे. कंडेन्सर ही करंगळीच्या पेराएवढी डबी. ती गेली की गाडी मिसिंग करते, सायलेन्सरमध्ये फटाके फोडते, पिकअप सोडते, म्हणजे हुबेहूब कार्बोरेटरचे सोंग आणते. ठिणगी चोख निघाली तर पंपाकडून येणारी नळी सोडून किल्ली मारायची आणि पेट्रोलची धार पाहायची. धारही बरोबर असेल तेव्हाच कार्बोरेटरचे झाकण. फ्लोट चेंबरच्या तळाशी जे दिसते ते वाचायचे असते. तांबूस गाळ म्हणजे टाकी गंजली. काळी बारीक पूड म्हणजे रबरी नळी आतून सुटायला लागली. आणि तळाशी पाऱ्यासारखा गोळा होऊन इकडून तिकडे पळणारा थेंब म्हणजे पाणी. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत खळखळ झाली तर तो फुटलाय; गरम पाण्यात बुडवला की नेमक्या भोकातून बुडबुडे येतात. तिथे झाळ द्यायची, पण झाळेचा ठिपका मोठा पडला की फ्लोट जड होतो, उशिरा तरंगतो, पेट्रोलची पातळी चढते आणि दुरुस्तीतूनच ओव्हरफ्लोचा नवा रोग जन्मतो. कार्बोरेटरचा स्वतःचा म्हणावा असा दोष एकच, आणि तो बहुतेकांना सापडत नसे: थ्रॉटलचा दांडा ज्या भोकात फिरतो ते भोक वर्षानुवर्षे झिजून ढिले होते आणि तिथून हवा आत शिरते. मग मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवा, गाडी आयडलिंगला थारत नाही. ज्याच्यावर उठसूट आळ येतो, त्याचा खरा गुन्हा असा नजरेआड राहतो.

यावर एक आक्षेप हटकून येईल. हे सगळे 'जुगाडा'चे गोडवे नाहीत का? गावाकडच्या दुरुस्तीवर अलीकडे जे कौतुकाने लिहिले जाते, त्यात पिनेने जेट साफ करणारा, तारेने स्प्रिंग बांधणारा माणूस नायक असतो. मला ते कौतुक मान्य नाही, आणि त्याचा पुरावा जेटवरच कोरलेला असतो. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात त्याच्या भोकाचा व्यास: १२० म्हणजे १.२० मिमी. त्यात पिन घालून कचरा काढताना पितळ खरवडले आणि भोक १.२५ झाले, तर वाढलेले अंतर केसाच्या जाडीएवढे. पण क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते आणि साधारण तेवढेच पेट्रोल प्रत्येक किलोमीटरला जास्त जाते. वर्षभर मालक एव्हरेजच्या नावाने बोटे मोडतो आणि पुन्हा कार्बोरेटर उघडतो. जाणता माणूस जेट पेट्रोलने धुऊन तोंडाने किंवा पंपाने हवा मारायचा, उजेडाकडे धरून भोक गोल दिसते का ते पाहायचा, आणि पिनेला हात लावायचा नाही. टंचाईने जुगाड शिकवले हे खरे. त्याच टंचाईने दुसऱ्या काहींना हात आवरायलाही शिकवले, कारण बिघडवलेला जेट बदलून मिळणार नव्हता. इतिहास लिहिताना आपण पहिल्यांचीच गोष्ट सांगतो, कारण ती मजेदार असते.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे: तालुक्याच्या गावात अशा मोटारी होत्या किती? फार नव्हत्या. वकील, डॉक्टर, जिनिंगवाले, मोठे कास्तकार, सरकारी जीप. पण कार्बोरेटर फक्त मोटारीत नव्हता. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने ५० सीसीची लुना काढली, त्याच वर्षी बजाजची चेतक आली, राजदूत तर खेड्याची फटफटीच झाली; त्यांच्याआधी विहिरीवर पेट्रोलने चालू करून रॉकेलवर चालवायचे पंप होते. प्रत्येकात तोच फ्लोट, तोच जेट, तीच हवेची ओढ. उलट डिझेलच्या ऑइल इंजिनात कार्बोरेटरही नाही आणि ठिणगीही नाही. ज्यांचा कान जिनिंगमधल्या किंवा विहिरीवरच्या डिझेलवर तयार झाला, त्यांना पेट्रोल इंजिनापाशी आल्यावर 'ठिणगी की पेट्रोल' हा दुहेरी संशय नव्याने शिकावा लागला असणार. डिझेलमध्ये तक्रार शेवटी इंधनाच्या वाटेवरच शोधायची सवय, म्हणून इथेही बोट आधी कार्बोरेटरकडे गेले, असा माझा तर्क आहे. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' हा अभ्यासक्रम शिकून आलेल्यांना क्रम माहीत असायचा. पण तो क्रम पाळायला वेळ लागतो, आणि डोक्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला पेचकस फिरताना दिसायला हवा असतो.

आता हे सगळे संपले, असे म्हणायची पद्धत आहे. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, २००० पासून प्रदूषणाचे नियम देशभर कडक झाले आणि मोटारीतला कार्बोरेटर गेला. २०२० च्या बीएस-६ ने तो मोटारसायकलवरूनही उतरवला. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. स्कॅनर लावला की बिघाड आकड्यात सांगतो, मग संशयाला जागा कुठे? जागा आहे. 'मिश्रणात हवा जास्त' असा कोड आला की आज कित्येक ठिकाणी ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, आणि दोष निघतो फाटलेल्या गॅस्केटमध्ये. बातमी देणाऱ्यालाच आरोपी करायची खोड गेलेली नाही. आणि पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमाने 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळू लागला. पद्मिनीच्या पहिल्या गाड्या आता त्या वयाला पोचल्यात. त्या जपणाऱ्यांपुढे नवा प्रश्न आहे इथेनॉलचा. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जळायला वजनाच्या साडेतेरा पटच हवा लागते, म्हणजे जुन्या जेटने जाणारे पेट्रोल आठेक टक्के कमी पडते. शिवाय ते जुन्या पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या फुगवते, हवेतले पाणी शोषते. पश्चिम महाराष्ट्रातला ऊस कापसाच्या मुलखातल्या कार्बोरेटरच्या पोटात गेला तो असा. गंमत म्हणजे १२० च्या जागी १२५ चा जेट घातला तर वाढ जवळपास तेवढीच मिळते. जे पिनेने करणे अपराध होता, तेच आता आकडा पाहून, नवा जेट घालून करणे हा उपाय ठरतो.

राळेगावच्या पट्ट्यात कार्बोरेटर अजून रोज वापरात आहे, पण मोटारीत नाही. तो शेतकऱ्याच्या पाठीवर आहे. कपाशीवर फवारणी करायचे पेट्रोल पंप दोन-स्ट्रोक इंजिनाचे, त्यांना अंगठ्याएवढा कार्बोरेटर. हंगाम संपला की पंप तसाच खोलीत टांगला जातो. आतले पेट्रोल महिनोन्‌महिने उडत राहते आणि मागे ऑइलचा चिकट थर जेटमध्ये वाळतो. पुढच्या श्रावणात दोरी ओढून ओढून हात दुखतात, पंप काही उठत नाही, आणि निदान तेच होते. या वेळी मात्र ते अक्षरशः खरे असते, आणि टाळता येण्यासारखेही. शेवटची फवारणी झाली की पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवायचे, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये थेंब उरत नाही.